पेरोंचे तक्ते आणि अमेरिकेचं व्याज

२०२४च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारने कर्जावरच्या निव्वळ व्याजापोटी सुमारे ८८० अब्ज डॉलर भरले. संरक्षणावर खर्च झाले सुमारे ८५० अब्ज. जगातला सर्वात महागडा फौजफाटा पोसायला लागतो, त्याहून जास्त पैसा आता व्याजातच जातो.

हे होणार, असं त्याच्या ३२ वर्षं आधी टेक्सासच्या एका उद्योजकाने घसा कोरडा करून सांगितलं होतं. ६ ऑक्टोबर १९९२ रोजी रॉस पेरो यांनी सीबीएस वाहिनीवरचा अर्धा तास पदरच्या पैशाने विकत घेतला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा प्रचार, पण बँड नाही, झेंडे नाहीत. टेबलाशी बसलेला एक ठेंगणा माणूस, हातात छडी आणि एकामागून एक आकड्यांचे तक्ते. १ कोटी ६५ लाख लोकांनी ते पाहिलं. तेव्हा अमेरिकेचं कर्ज होतं ४ लाख कोटी डॉलर. सप्टेंबर २०२४ अखेर ते ३५ लाख कोटींच्या वर गेलं. माणशी हिशेब केला तर १९९२ला जेमतेम १६ हजार डॉलर, आता १ लाखाहून अधिक.

पेरो आयबीएममध्ये विक्रेते होते. १९६२चं वर्षभराचं उद्दिष्ट त्यांनी जानेवारीतच पुरं केलं आणि त्याच वर्षी हजार डॉलर घालून ईडीएस ही संगणकसेवा कंपनी काढली. तिची भरभराट झाली ती बरीचशी मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांची बिलं हाताळून. म्हणजे ज्या खर्चावर ते पुढे छडी आपटणार होते, त्यातूनच त्यांची तिजोरी भरली होती! १९८४मध्ये जनरल मोटर्सने ईडीएस अडीच अब्ज डॉलरला घेतली आणि पेरो संचालक मंडळावर गेले. तिथे त्यांचं बिनसलं. ईडीएसमध्ये साप दिसला की पाहणारा तो मारतो. जनरल मोटर्समध्ये आधी सापांवर समिती नेमतात, असं ते चारचौघांत बोलू लागले. १९८६ अखेर कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर मोजून त्यांना बाहेर काढलं. कारखाने बंद करायला निघालेल्या कंपनीने कटू बोलणाऱ्याची तोंडबंदी एवढ्या पैशात विकत घ्यावी, यात व्यवस्थापनाचा बहुतेक सगळा धडा आला.

सरकारच्या बाबतीत मात्र पेरोंचं गणित बरोबर होतं आणि सरकारला कंपनी मानणारी उपमा चुकीची. कंपनी तोट्यातला विभाग विकते, माणसं कमी करते. सरकारला म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन विकता येत नाही; ते मतदार असतात. उलट अमेरिकेचं कर्ज डॉलरमध्ये आहे आणि डॉलर छापतेही तीच, त्यामुळे दिवाळं निघालं नाही. धोका वेगळ्या वाटेने आला. ३५ लाख कोटींपैकी साधारण ७ लाख कोटी सरकारच्याच निधींचं येणं आहे. उरलेले २८ लाख कोटी सरकारबाहेरच्यांचे. त्यावर व्याजदर एक टक्क्याने चढला, तर जुने रोखे फिटून नवे निघत जातील तसतसे वर्षाला २८० अब्ज डॉलर वाढतात. २०२२च्या सुरुवातीला सरासरी दर दीड टक्क्याच्या आसपास होता, २०२४मध्ये तो तीनच्या वर गेला. मे २०२५मध्ये मूडीज या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं सर्वोच्च मानांकन काढून घेतलं; एसअँडपीने २०११मध्ये आणि फिचने २०२३मध्ये ते आधीच काढलं होतं.

आपल्याकडे कुणी यावर हसत असेल, तर एक आकडा पाहावा. अमेरिका १०० डॉलर महसुलातले साधारण १८ व्याजाला देते. भारताच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केंद्राच्या १०० रुपये महसुली जमेतले ३७ रुपये व्याजाचे आहेत.

१९९२च्या त्या निवडणुकीत पेरोंना १८.९ टक्के मतं मिळाली, पण एकही राज्य हाती लागलं नाही. तरी त्यांच्या तक्त्यांमुळे तुटीचा विषय दोन्ही पक्षांना टाळता येईना. १९९३मध्ये नवे अध्यक्ष क्लिंटन यांनी करवाढ आणली. प्रतिनिधिगृहात ती २१८ विरुद्ध २१६ अशी कशीबशी तरली, सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या मताने. खर्चावर लगाम होता, संगणक उद्योगाची तेजी मदतीला आली आणि १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं शिल्लक पडली. २०००मध्ये तर २३६ अब्ज डॉलर. पुढे करकपात, दोन युद्धं, २००८ची मंदी आणि कोविड. एकट्या २०२०च्या वर्षाची तूट ३ लाख कोटींहून अधिक.

पेरोंनी पेट्रोलवर पाच वर्षांत गॅलनमागे ५० सेंट कर वाढवायला सांगितलं होतं. १९९३मध्ये ४.३ सेंट वाढले आणि कर १८.४ सेंट झाला. आजही तो १८.४ सेंटच आहे.