अंगणातील अबोली

तुळशीवृंदावनाच्या शेजारी अबोलीची चार रोपे असली म्हणजे गोमंतकीय अंगणाला पूर्णता येते. मांडवीकाठच्या आमोणे गावच्या तांबड्या, जांभ्या मातीत हे दोन-तीन फुटी झुडूप सुखाने नांदते. दक्षिण भारत व श्रीलंका हेच तिचे माहेर असल्यामुळे आपले ऊनपाऊस तिला परके नाहीत. अडुळसा आणि कोरांटी ही तिची सगोत्र भावंडे. फुलाला सुवास नाही. परंतु रंग असा, की मराठीने त्या छटेलाच तिचे नाव दिले. शिवाय खुडलेले फूल लवकर कोमेजत नाही. म्हणूनच फातींत तिला मान.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. जांभी माती निचऱ्याची, पण कसाने हलकी. तेव्हा तीत कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. रोपे उंचवट्यावर, हातभर अंतराने लावावीत. सकाळचे ऊन व दुपारची विरळ सावली तिला मानवते. मुळाशी पाणी साचले, की मर रोग लागतो. सूत्रकृमींमुळे मुळांना गाठी येतात. त्यावर उपाय म्हणून शेजारी झेंडू लावावा. कणीस खालून वर उमलत जाते, म्हणून फुले एक दिवसाआड सकाळी खुडावीत.

बाजारात ‘दिल्ली’ नावाची गडद रंगाची अबोली मिळते. ती दिसायला देखणी खरी. पण तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने ती बी धरत नाही. फांद्या लावूनच ती वाढवावी लागते. अशी सारी रोपे एकाच झाडाची प्रतिरूपे. एकीला बाधणारा रोग सगळ्यांनाच बाधण्याचे भय. गावठी अबोलीचे तसे नाही. ती आपला वंश स्वतः राखते. तिच्या वाळलेल्या बोंडावर पाणी पडताच ते तडकते आणि बी दूर उडते.

मात्र प्रत्येक कणीस फुलांसाठी ओरबाडले, तर बी धरणार कोठून? आमच्या वाचक भगिनींना आमची विनंती एवढीच, की दर हंगामात दोन-चार कणसे झाडावरच पिकू द्यावीत. वाळल्यावर ती झाकणाच्या भांड्यात ठेवून वर पाणी शिंपडावे. बी आपोआप भांड्यात पडेल. ते सुकवून निम्मे आपल्या अंगणासाठी ठेवावे आणि निम्मे शेजारणीला द्यावे. आपल्याकडची रोपे एखाद्या वर्षी मेली, तर तिच्याकडून बी परत मागता येईल.