पळून आलेल्यांनाच शत्रू ठरवलं तेव्हा

आज आपण दुसऱ्या महायुद्धातल्या काही बायकांबद्दल बोलू. त्यांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं, तरी सरकारने त्यांना पकडून नेलं.

जर्मनीत 1933 साली हिटलरची सत्ता आली. तिथल्या ज्यू लोकांच्या नोकऱ्या गेल्या, दुकानं गेली, पुढे जिवावरच बेतलं. हजारो ज्यू बायका घरकामाच्या परवान्यावर इंग्लंडला आल्या. त्यात शिकलेल्या होत्या, खात्यापित्या घरच्याही होत्या. जीव वाचवायचा म्हणून त्या परक्याच्या घरी भांडी घासू लागल्या.

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटलं. कागदोपत्री या बायका जर्मन, म्हणजे शत्रू देशाच्या. सरकारने चौकशी मंडळं नेमली आणि माणसांचे तीन वर्ग केले: 'अ' धोक्याचे, 'ब' संशयाचे, 'क' बिनधोक. बहुतेक निर्वासित 'क' वर्गात गेले. पण प्रत्येक मंडळाची नजर वेगळी. एका गावी जिला 'क' मिळाला असता, तिला दुसऱ्या गावी 'ब' मिळाला.

मे 1940 मध्ये हिटलरचं सैन्य हॉलंड, बेल्जियम, फ्रान्समध्ये घुसलं आणि इंग्लंडात घबराट पसरली. महिनाअखेरीला पोलिसांनी 'ब' वर्गातल्या बायकांना आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर नेलं. तिथे तारेच्या कुंपणाआड, सहलीच्या लोकांसाठी बांधलेल्या घरांत, सुमारे 4,000 बायका-मुलं राहिली. हिटलरला मानणाऱ्या बायकाही त्यांच्यातच ठेवल्या होत्या. नवरे दुसऱ्या छावणीत, कधी त्याच बेटावर, तरी सुरुवातीला भेट नाही.

पुरुष धरून सुमारे 27,000 लोक कैदेत गेले. हजारोंना जहाजात घालून कॅनडा, ऑस्ट्रेलियाला पाठवलं. 2 जुलै 1940 ला 'अरँडोरा स्टार' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. 800 हून जास्त माणसं मेली. पुढच्याच आठवड्यात 'डुनेरा' जहाज सुमारे 2,500 जणांना घेऊन निघालं. 57 दिवसांच्या प्रवासात पहारेकऱ्यांनीच त्यांचं सामान लुटलं.

बेटावरच्या बायका मात्र हातावर हात धरून बसल्या नाहीत. त्यांनी मुलांसाठी शाळा काढली. हाताशी पैसा नव्हता, म्हणून कामाची अदलाबदल सुरू केली. एकीने शिवण करायचं, त्याबद्दल टोकन घ्यायचं आणि ते देऊन दुसरीकडून काम करून घ्यायचं. बचत गट चालवणाऱ्या आपल्याला हे लगेच कळेल.

बाहेर एलिनॉर रॅथबोन या महिला खासदार त्यांच्यासाठी भांडत होत्या. त्यांनी संसदेत प्रश्नामागून प्रश्न विचारले. इतरांनीही आवाज उठवला. उन्हाळा सरता सरता सरकार नरमलं, सुटका सुरू झाली, आणि पुढच्या दोन वर्षांत बहुतेक निर्वासित बाहेर आले.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. इंग्रज सरकारने 1939 मध्ये हिंदुस्थानातल्या जर्मनांना अहमदनगरच्या छावणीत आणलं, त्यातही ज्यू निर्वासित होते. चौकशीनंतर बऱ्याच जणांना सोडलं. पुढे पुरंदर किल्ल्यावरही परदेशी कुटुंबांना ठेवलं होतं.

युद्धात सरकारने सावध राहायलाच हवं, हे खरं. पण सगळ्यांना एकाच दाव्याला बांधलं की चोर आणि चोरीला बळी पडलेला, दोघंही एकाच कोठडीत जातात. माणूस कुठून आला हे कागद सांगतो. तो का आला, हे त्यालाच विचारावं लागतं. पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला: आपल्या गावात बाहेरून आलेल्या बाईला आपण हे कधी विचारलं आहे का?