यमुनाबाईंची बैठक

लावणी म्हटली कीं आमच्या वाचकांस ढोलकी, घुंगरूं आणि शिट्ट्याच आठवतात. परंतु बैठकीची लावणी ही वस्तूच निराळी. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) ती बसून, तबला-पेटीच्या साथीवर, ठुमरीप्रमाणें संथ लयींत गात. एकाच ओळीचे नाना भाव त्या नेत्रांनीं व बोटांनीं उलगडीत. साहित्यशास्त्रांत जिला व्यंजना म्हणतात ती येथें प्रत्यक्ष दिसते. आम्हीं ती मुलांस वर्षानुवर्षें पुस्तकांतून शिकविली!

पुढें रसिकांनीं सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश सुरू केली. बसलेली गायिका उभी राहिली, लय चढली. सुलोचना चव्हाण यांनीं नृत्यावांचून, केवळ आवाजाच्या ठसक्यावर, लावणी घरोघरीं पोंचविली हें खरें. पण आमचें मन त्या संथ लयींतच रमतें. स्पेनमधील जिप्सींच्या फ्लामेंको गायनांतही जुन्या-नव्याचा असाच वाद आहे.

होनाजीची भूपाळी आमच्या मराठवाड्यांतील घरांत चालते, त्याचीच लावणी मात्र चालत नाहीं. कोल्हाटी समाजाच्या ज्या स्त्रियांनीं ही विद्या राखिली त्यांस आम्हां सुशिक्षितांनीं उंबऱ्याबाहेरच ठेविलें. यमुनाबाईंस पद्मश्री मिळाली ती २०१२ सालीं, वयाचीं शहाण्णव वर्षें उलटल्यावर.