पेरणी यंत्राचा खर्च ठरतो कुठे?

खामगाव, चिखली किंवा मलकापूरच्या एमआयडीसीत कुणी नवं पेरणी यंत्र करायला घेतलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आधी यंत्र चालू दे, खर्चाचं नंतर बघू." हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे.

सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर धरा. पाच फणांच्या यंत्रात पहिल्या फणापासून शेवटच्यापर्यंत 180 सेंटिमीटर होतात, म्हणजे आडवी दांडी त्याहून थोडी लांब हवी. चौकोनी पाईप साधारण 6 मीटर लांबीत मिळतो. दांडी 210 सेंटिमीटरची ठेवली, तर एका पाइपातून दोनच निघतात आणि उरलेला 180 चा तुकडा कोपऱ्यात पडून राहतो. 195 ची ठेवली, तर तीन निघतात. 12 यंत्रांना एकीकडे 6 पाईप, दुसरीकडे 4. कागदावर हा बदल रबराने खोडून होतो. वेल्डिंगचा जिग बनल्यावर तोही बदलावा लागतो, आणि यंत्रं विकली गेल्यावर दोन्ही मापांचे सुटे भाग वर्षानुवर्षं ठेवावे लागतात.

'80 टक्के खर्च आराखड्यातच ठरतो' असंही सांगितलं जातं. प्रत्येक वस्तूला हाच आकडा लागू होईल असं मानू नये. पण धातू, जाडी, जोड आणि भागांची संख्या तिथेच ठरते, हे मात्र खरं. नंतर पत्र्याच्या भावात कितीही घासाघीस केली, तरी हातात थोडंच लागतं.

खर्च कमी करायचा म्हणजे पत्रा पातळ करायचा, हा दुसरा गैरसमज. 1980च्या दशकात अमेरिकेत जेफ्री बूथ्रॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी रुजवलेल्या पद्धतीत प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारतात. तो शेजारच्या भागाच्या तुलनेत हलतो का? तो वेगळ्याच धातूचा किंवा पदार्थाचा असायला हवा का? वेगळा ठेवला नाही, तर जोडणी किंवा दुरुस्ती अडेल का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं, तर तो भाग शेजारच्यात मिसळता येईल का ते पाहायचं. बियाण्याच्या पेटीला तीन पट्ट्या वेल्ड करण्याऐवजी तोच पत्रा वाकवून कड काढली, तर टाके वाचतात आणि तडा जाण्याच्या जागाही घटतात. सगळे बोल्ट एकाच मापाचे ठेवले, तर शेतकऱ्याला बांधावर एकच पाना पुरतो. यात दर्जा वाढतोच.

'लहान वर्कशॉपला एवढा हिशेब कशाला?' उलट त्यालाच जास्त हवा. समजा, प्लास्टिकच्या बी-चकतीचा साचा 2 लाखांना पडला. 5,000 चकत्यांवर तो खर्च प्रत्येकी 40 रुपये येतो, 200 चकत्यांवर 1,000 रुपये. म्हणून किती यंत्रं खपतील याचा अंदाज साचा सांगण्याआधी हवा.

खर्च अधिक नफा म्हणजे किंमत, असंही धरून चालत नाही. शेतकरी काय देऊ शकतो ते आधी, खर्चाची मर्यादा त्यातून. टाटा नॅनोचं लक्ष्य असंच एक लाखाचं ठरलं होतं. जानेवारी 2008 मध्ये ती दिल्लीत लोकांसमोर आली. मात्र पुढे 'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळखच तिला नडली आणि 2018 मध्ये उत्पादन थांबलं. तेव्हा स्वस्तात बनलं की खपेलच, हाही गैरसमजच.

खरिपाची खरेदी मे-जूनमध्ये होते. त्यामुळे आराखडा दिवाळीच्या सुमारास टेबलावर यावा, आणि पहिला पत्रा कापण्याआधी तो लेथवाला, बेंडिंगवाला आणि विक्रेता या तिघांनी पाहिलेला असावा.