उजेड आणि डोळ्यांचे स्वास्थ्य

मे महिन्यातील भर दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असते. आणि कचेरीत मात्र पडदे ओढून दिवे लावलेले असतात. भिलाईसारख्या मध्य भारतातील गावी हे दृश्य नवे नाही. जेथे सूर्यप्रकाशाची एवढी समृद्धी, तेथे दिवसा विजेचा आश्रय का घ्यावा लागावा?

याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. उघड्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो. वाचनास दोनतीनशे लक्स पुरतात. बाहुलीचा व्यास २ पासून ८ मिलिमीटरपर्यंत बदलतो, म्हणजे तिच्यातून शिरणारा प्रकाश फार तर सोळापट कमीअधिक होतो. उरलेले समायोजन दृष्टिपटलास करावे लागते आणि अंधारास पुरते सरावण्यास त्याला सुमारे अर्धा तास लागतो. झगझगीत खिडकी आणि मंद पान एकाच वेळी दृष्टीसमोर आले, तर डोळा खिडकीशी जुळवून घेतो व पान काळवंडलेले भासते. पडदा ओढला की दिपणे थांबते, परंतु उजेडही जातो. दोष प्रकाशाच्या प्रमाणात नसून त्याच्या वाटणीत आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आकाशाआकाशातील भेद

युरोपातील गणिताचा आधार ढगाळ आकाश हा आहे. त्यात माथ्यावरचा भाग क्षितिजाच्या तिप्पट तेजस्वी मानतात. आपले आकाश वर्षातील बराच काळ निरभ्र असते आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेस क्षितिजाजवळचा भागच माथ्याहून अधिक उजळ असतो. नेमका हाच भाग खिडकीतून दिसतो. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने या प्रश्नाचा अभ्यास केला. भारतीय मानकात सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असतानाचे निरभ्र आकाश गृहीत धरतात. थेट ऊन वगळता त्याचा बाहेरील प्रकाश ८,००० लक्स मानतात. म्हणजे त्याचा एक टक्का आत पोहोचला, तर ८० लक्स मिळतात. स्वयंपाकघरास अडीच टक्के, अभ्यासिकेस १.९ टक्के आणि बैठकीच्या खोलीस ०.६२५ टक्के, म्हणजे अनुक्रमे सुमारे २००, १५० व ५० लक्स पुरेसे समजतात.

छज्जा आणि छप्पर

भिलाई सुमारे २१.२ उत्तर अक्षांशावर आहे. विषुवदिनी तेथे माध्यान्हीचा सूर्य सुमारे ६९ अंश उंच असतो. दक्षिणेच्या भिंतीवरील ६० सेंटिमीटरचा छज्जा तेव्हा आपल्याखालील सुमारे दीड मीटर भाग सावलीत ठेवतो. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर उतरतो, सावली जेमतेम ६० सेंटिमीटर उरते आणि हवेहवेसे ऊन आत येते. पश्चिमेस मात्र हा उपाय पांगळा ठरतो, कारण सायंकाळचे तिरपे किरण छज्जाखालून शिरतात. तेथे उभे पडदे अथवा झाडेच हवीत.

कारखान्यांच्या शेडवर करवतीच्या दात्यांसारखे उत्तराभिमुख काचेचे छप्पर घालतात. इंग्लंडात माध्यान्हीचा सूर्य कधीही उत्तरेस जात नाही. भिलाईत मात्र मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो. म्हणून परदेशी नमुना जसाच्या तसा न उचलता काचेवर लहानसा छज्जा काढणे इष्ट.

पोलादाच्या कारखान्यात

सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. अशा कारखान्यात उजेडाचा प्रश्न केवळ सुखसोयीचा राहत नाही. एकीकडे तापून लाल झालेले पोलाद, दुसरीकडे काजळलेल्या भिंती. उन्हातून आत आलेल्या कामगारास काही क्षण जिन्याची कड किंवा क्रेनचा आकडा दिसत नाही, आणि अपघातास तेवढे क्षण पुरतात. तप्त धातूच्या अवरक्त किरणांमुळे वर्षानुवर्षांनी मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणून भट्टीपाशी संरक्षक चष्मा अत्यावश्यक आहे. दाराशी मध्यम उजेडाची ओसरी, फिकट रंगाच्या भिंती आणि वेळोवेळी पुसलेल्या काचा हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत. धूळ बसलेली काच उजेडाचा मोठा वाटा गिळून टाकते.

घरीही हीच तत्त्वे लागू पडतात. छतास पांढरी सफेदी द्यावी, म्हणजे अंगणातून परतलेला प्रकाश खोलीत खोलवर पसरतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने खिडकी डाव्या बाजूस घ्यावी. शाळेत फळा खिडकीच्या भिंतीवर कधीही लावू नये. कारण तेथे मुलांना अक्षरांऐवजी आकाशाकडेच पाहावे लागते.