शेळीच्या खुरांचा ताल

आखातातलं नोबान नृत्य सुरू झालं की नजर आधी ढोलांकडे जाते, पण बघायचं असतं एका माणसाच्या कमरेकडे. जाड कापडावर शेळ्यांचे वाळलेले खूर दाटीवाटीने शिवलेले असतात. याला म्हणतात मंजूर. तो कमरेला बांधून माणूस ठेक्यावर कंबर हलवतो आणि खुरावर खूर आपटून कोरडा खडखडाट उठतो. जोडीला सहा तारांचा तंबूरा असतो. तो आपल्या गवयांच्या मागे वाजणारा तंबोरा नव्हे; आफ्रिकेतून समुद्रमार्गे आखातात आलेलं हे वेगळंच वाद्य.

अशा कला एका जागी पाहायच्या तर 'शारजा हेरिटेज डेज' गाठावं. शारजाचे शासक शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांच्या पाठबळावर हा उत्सव 2003 मध्ये सुरू झाला. 2014 मध्ये स्थापन झालेली शारजा वारसा संस्था तो भरवते. जागा म्हणजे खाडीजवळची जुनी वस्ती, प्रवाळाच्या दगडांची डागडुजी केलेली घरं. मांडणी किनारा, वाळवंट, डोंगर आणि शेती अशा चार मुलखांनुसार असते. खजुरीच्या झापांच्या टोपल्या, तल्ली नावाची जरीची किनार विणणाऱ्या बायका, मासेमारीची जाळी, असं सगळं तिथे असतं. हे कोणत्याही हस्तकला मेळ्यात थोडंफार दिसतं. खरी गंमत आवाजांची.

बहुतेक पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये जातं ते अय्याला. युनेस्कोने 2014 मध्ये अमिराती आणि ओमान यांच्या संयुक्त नावावर ते वारशाच्या यादीत घेतलं. समोरासमोर दोन ओळी, एकेका ओळीत वीसेक पुरुष, हातात बांबूच्या बारीक काठ्या. काठ्या म्हणजे भाले किंवा तलवारी. ठेक्यासोबत काठ्या आणि माना लयीत हलतात; एक ओळ गाते, दुसरी उत्तर देते. मधल्या मोकळ्या जागेत लहान-मोठे ढोल, डफ आणि पितळी झांजा. मुली पुढे येऊन मोकळे केस या खांद्यावरून त्या खांद्यावर फेकतात. ताफ्याच्या म्होरक्याचा मान बहुधा वडिलांकडून मुलाकडे जातो आणि नव्या पोरांना तयार करायचं कामही त्याचंच.

अय्याला देखणं आहे, प्रश्नच नाही. पण ते लढवय्यांचं, मानाचं नृत्य. राष्ट्रीय दिनाला शोभणारं. मला विचाराल तर या उत्सवाचा जीव घाम गाळणाऱ्यांच्या गाण्यांत आहे. मोत्यांच्या हंगामात जहाजं उन्हाळ्याचे चारेक महिने समुद्रावर असत. पायाला दगड बांधून आणि नाकाला चाप लावून पाणबुड्या खाली जाई, वर बसलेला दोर ओढी. शीड चढवताना, वल्ही मारताना सगळ्यांचे हात एकदम चालावेत म्हणून एक गाणारा जहाजावरच नेमलेला असे, तो नह्हाम. हे मोती पुढे मुंबईच्या बाजारात येत. शारजाच्या जुन्या वस्तीतल्या बैत अल नाबूदा या मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या वाड्याचे खांबही भारतातल्या सागवानाचे आहेत. जपानी संवर्धित मोती आणि 1930च्या आसपासची मंदी यांनी हा धंदा बुडवला. नह्हामांचं काम संपलं, गाणी उरली.

लिवाची गोष्ट आणखी कडवट. गोल फिरणारे नाचे, मधे ढोल, सुरनईवाल्याची चढत जाणारी लय आणि गाण्यांत स्वाहिली शब्द. लिवा आणि नोबान या पूर्व आफ्रिकेतून आलेल्यांच्या कला; त्यांतले पुष्कळ जण गुलाम म्हणून आणलेले, मोत्यांच्या जहाजांवर राबलेले. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी ठाऊक असलेल्या आपल्याला अरबी समुद्रापलीकडचा हा माणूस अगदीच अनोळखी वाटू नये. उत्सवात हे 'पारंपरिक सागरी कला' अशा गुळगुळीत नावाखाली सादर झालं, की त्या राबणुकीची गोष्ट दडते. ती उत्सवाने मोकळेपणाने सांगायला हवी.

डोंगराकडच्या शिहूह लोकांची नदबा तर वाद्याविनाच चालते. मेजवानी झाली की पुरुष जमतात, एक जण ललकारी देतो, बाकीचे तिला साथ देतात. यजमानाचा मान राखायची ही रीत. मंचावर यजमानही नाही आणि जेवणही नाही, त्यामुळे ती जरा उपरी वाटते. अय्यालाला ही अडचण नाही. आपल्याकडे लग्नाला सनई-चौघडा तसा तिकडे अय्यालाचा ताफा बोलावला जातो, आणि तिथे नवऱ्याचे चुलते-मामेही काठी उचलून ओळीत शिरतात.