राखीव मशीन पेटीत नको

भाऊबीजेपासून झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. दंडार आणि नाटकं रात्र-रात्र चालतात, आणि आंधळगावसारख्या कोशाच्या साड्या विणणाऱ्या गावातही अशा रात्रीचा सगळा आवाज एका अॅम्प्लिफायरच्या, म्हणजे साउंडवाल्याच्या ‘मशीन’च्या भरवशावर असतो. दुसरं मशीन बहुतेकांकडे असतं, पण पेटीत. मुख्य मशीन बसलं की पेटी उघडायची, वायरी सोडायच्या, पुन्हा जोडायच्या. तोवर प्रेक्षक शिट्ट्या मारून मोकळे. राखीव मशीन आधीच जोडलेलं, चालू आणि मिक्सरचा आवाज घेत असलेलं हवं. तसं नसेल तर तो फक्त सुटा माल.

मात्र दोन मशीनचे आउटपुट एकत्र बांधायचे नसतात; एक दुसऱ्याला जाळतं. मधे चेंजओव्हर स्विच लागतो, तोही मधे ‘बंद’ असलेला. हा ‘बंद’ फार मोलाचा. पहिलं मशीन पुष्कळदा स्वतःच्या दोषाने जात नाही. खांबाला घासून वायर शॉर्ट झालेली असते. अशा लाइनवर घाईने दुसरं मशीन टाकलं तर तेही गेलंच. म्हणून आधी लाइन तपासायची, मग खटका फिरवायचा. वॅटचा हिशेबही आधीच करून ठेवावा. शंभर व्होल्टच्या लाइनवर तीस वॅटचे सहा भोंगे म्हणजे 180 वॅट. राखीव मशीन 120 वॅटचं असेल तर ते तापणारच. भोंग्यांच्या ट्रान्सफॉर्मरची टॅप पंधरावर आणली की काम 90 वॅटमध्ये भागतं आणि आवाज जेमतेम 3 डेसिबलनेच उतरतो.

कुणी म्हणेल, आमच्याकडे मशीन जात नाही, लाइट जाते. खरं आहे. पण दोन्ही मशीन एकाच बोर्डावर असतील तर लाइट गेली की दोन्ही मुकी. एक तरी बॅटरीवर चालणारं हवं. दुसरा आक्षेप पैशांचा. त्यावर साधा तोडगा आहे: एका मोठ्याऐवजी दोन मध्यम मशीन घ्यायची आणि भोंगे एकाआड एक दोघांत वाटायचे. एक गेलं तरी गावभर आवाज पोहोचतो, थोडा कमी एवढंच. यात खटका फिरवायलाही कुणी लागत नाही.

नाटकात मिनिटभर शांतता चालते; पुराच्या सूचनेत चालत नाही. ऑगस्ट 2020च्या अखेरीस संजय सरोवर धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहराचे अनेक भाग बुडाले. अशा वेळी, रात्री कुणी स्विचजवळ बसलेलं नसताना आपोआप बदल करणारी यंत्रणाच कामाची. मोठी रेल्वे स्थानकं, विमानतळ अशा ठिकाणी बऱ्याचदा तसंच असतं: कानाला न ऐकू येणारा सूर लाइनवर सतत फिरतो, तो तुटला की राखीव मशीन जागा घेतं. ग्रामपंचायतीला एवढा खर्च जड जाईल, तर भोंगे वाटण्याची युक्ती इथेही चालते. आणि राखीव मशीन वेगळंच ठेवलं असेल, तर रोजच्या पाणीपुरवठ्याच्या, लसीकरणाच्या सूचना दोन्हींवरून आळीपाळीने द्याव्यात. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरं; म्हणजे राखीव मशीन बिघडलेलं असेल तर ते वेळेआधीच कळेल.